सर्वेक्षणाच्या आकड्यांतून संभाव्यता काढताना: आधी छेद ठरवा, मग भागा

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ भरली आणि त्यात साक्षर ८,१५,५४,२९०. साधा भागाकार केला तर ७२.५७ टक्के येतात. जनगणनेच्या तक्त्यात मात्र राज्याचा साक्षरता दर ८२.३४ टक्के आहे. दोन्ही आकडे एकाच गणतीतले आणि दोन्ही भागाकार बरोबर. फरक आहे तो छेदात. सात वर्षांखालच्या मुलाला अक्षरओळख असली, तरी जनगणना त्याला साक्षर धरत नाही आणि दर काढताना छेदातही घेत नाही. शून्य ते सहा वयाची १,३३,२६,५१७ मुलं बाजूला काढली की उरतात ९,९०,४७,८१६ माणसं. साक्षरांना या संख्येने भागलं की ८२.३४ टक्के मिळतात.

पहिलं उत्तर ही साधी संभाव्यता. राज्यातलं कोणीही एक माणूस निवडलं, तर ते साक्षर असण्याची शक्यता किती, एवढंच ते सांगतं. दुसरं उत्तर ही सशर्त संभाव्यता. निवडलेलं माणूस सात वर्षांचं किंवा त्याहून मोठं आहे हे माहीत असेल, तर ते साक्षर असण्याची शक्यता किती? सर्वेक्षणाचे आकडे हाताळताना होणाऱ्या बहुतेक गफलतींत सूत्र बरोबर असतं. चुकतं ते एवढंच, की छेदात कोण बसलंय हे कोणी विचारलेलं नसतं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर आधी एकच प्रश्न विचारायचा: कोणापैकी?

सरावासाठी एक खरी सारणी

अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या ५९२ विद्यार्थ्यांच्या केसांचा आणि डोळ्यांचा रंग नोंदवलेलं एक सर्वेक्षण संख्याशास्त्रज्ञ स्नी यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. 'आर' या मोफत संगणक प्रणालीत ही सारणी आयतीच मिळते, त्यामुळे खालचा प्रत्येक आकडा तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. आपल्याकडच्या वर्गात सोनेरी केस आणि निळे डोळे सापडणार नाहीत हे खरं. पण ही सारणी लहान आहे, तिच्यात टक्के नसून मोजलेली माणसं आहेत आणि दोन प्रश्नांचा एकमेकांशी असलेला संबंध तिच्यात ठसठशीत दिसतो.

| केस | तपकिरी डोळे | निळे डोळे | घारे डोळे | हिरवे डोळे | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| काळे | ६८ | २० | १५ | ५ | १०८ |
| तपकिरी | ११९ | ८४ | ५४ | २९ | २८६ |
| लाल | २६ | १७ | १४ | १४ | ७१ |
| सोनेरी | ७ | ९४ | १० | १६ | १२७ |
| एकूण | २२० | २१५ | ९३ | ६४ | ५९२ |

'आर'मधल्या सारणीत मुलगे आणि मुली अशी आणखी एक विभागणी आहे. ती मूळ सर्वेक्षणातली नाही, शिकवण्याच्या सोयीसाठी नंतर घातलेली आहे. म्हणून ती मी इथे वापरलेली नाही. मिळालेल्या सारणीतला कोणता रकाना खरोखर मोजलेला आहे आणि कोणता नंतर जोडलेला, हे हिशेबाला बसण्याआधी पाहायलाच हवं.

कच्च्या उत्तरांपासून सारणीपर्यंत

तुमच्या हातात स्वतःचं सर्वेक्षण असेल, तर वरच्यासारखी सारणी आयती मिळत नाही. एक्सेलसारख्या शीटमध्ये एका माणसाची एक ओळ आणि एका प्रश्नाचा एक रकाना, अशी मांडणी करा. मग प्रत्येक रकान्यात कोणकोणती वेगळी उत्तरं आली आहेत त्याची यादी काढा. 'ग्रामीण' आणि 'ग्रामिण' ही संगणकासाठी दोन वेगळी उत्तरं आहेत. 'पुणे' आणि शेवटी एक रिकामी जागा पडलेलं 'पुणे' हीसुद्धा वेगळीच. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण मोजणीत पंधरा-वीस माणसं निमूट दुसऱ्या ओळीत जाऊन बसतात. ही साफसफाई कंटाळवाणी आहे, तरी तिला पर्याय नाही.

यानंतर तीन गोष्टी ठरवून वहीत लिहून ठेवायच्या.

पहिली, उत्तर न देणाऱ्यांचं काय करायचं. रिकामी जागा, 'माहीत नाही' आणि 'सांगायचं नाही' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणीपुरवठ्याबद्दल समाधानी आहात का, या प्रश्नाला 'माहीत नाही' हे उत्तर असू शकतं, पण रिकामी जागा हे उत्तर नव्हे. रिकाम्या जागा छेदातून काढल्या तर तुमची टक्केवारी 'उत्तर देणाऱ्यांपैकी' होते, आणि तसं स्पष्ट लिहावं लागतं.

दुसरी, कोणता प्रश्न कोणाला विचारला होता. सहाव्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्यांनाच सातवा प्रश्न विचारला असेल, तर सातव्याची प्रत्येक टक्केवारी जन्मतःच सशर्त असते. "घरी शौचालय आहे का?" याला 'हो' म्हणणाऱ्यांनाच "ते वापरता का?" असं विचारलं आणि ९० टक्के 'हो' आले, तर ९० टक्के कुटुंबं शौचालय वापरतात असा त्याचा अर्थ होत नाही. अहवालांतली ही चूक मला सगळ्यात घातक वाटते. आकडा खरा असतो, वाक्य खोटं असतं, आणि वाचणाऱ्याला ते कळायला वाव नसतो.

तिसरी, एकाहून जास्त उत्तरांची मुभा होती का. तशी असेल तर सगळ्या टक्क्यांची बेरीज शंभरच्या वर जाते. तिथे प्रत्येक पर्याय हा स्वतंत्र हो-नाही प्रश्न समजून मोजा.

साध्या संभाव्यता

हा भाग सोपा आहे, दहावीच्या पुस्तकात येऊन गेलेला. इथे छेद नेहमी ५९२.

निळे डोळे असण्याची संभाव्यता: २१५ ÷ ५९२ = ०.३६३. निळे नसण्याची: १ वजा ०.३६३, म्हणजे ०.६३७. सोनेरी केस असण्याची: १२७ ÷ ५९२ = ०.२१५. हे आकडे सारणीच्या कडेच्या बेरजांतून येतात.

केस सोनेरी आणि डोळे निळे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असण्याची संभाव्यता आतल्या चौकटीतून येते: ९४ ÷ ५९२ = ०.१५९. यातली किमान एक गोष्ट असण्यासाठी २१५ आणि १२७ यांची बेरीज करून ९४ वजा करायचे, कारण ती ९४ मुलं दोन्हीकडे मोजली गेली आहेत. उरतात २४८, आणि संभाव्यता ०.४१९.

सशर्त संभाव्यता

आता प्रश्न असा: एखाद्या विद्यार्थ्याचे केस सोनेरी आहेत हे आधीच कळलं असेल, तर त्याचे डोळे निळे असण्याची शक्यता किती?

सारणीवर कागद ठेवून सोनेरी केसांची ओळ सोडून बाकी सगळं झाका. पाटीवर शिकवतानाही मी हेच सुचवेन, कारण अट घालणं म्हणजे नेमकं हेच. उरलेल्या ओळीत १२७ जण आहेत, त्यातल्या ९४ जणांचे डोळे निळे आहेत. ९४ ÷ १२७ = ०.७४०. आधी ३६ टक्के असलेली शक्यता ७४ टक्क्यांवर गेली.

पुस्तकातलं सूत्र हेच वेगळ्या शब्दांत सांगतं: दोन्ही गोष्टी एकत्र असण्याची संभाव्यता, भागिले अटीची संभाव्यता. ०.१५८८ ÷ ०.२१४५ = ०.७४०. दोन्हीकडचे ५९२ एकमेकांना छाटून जातात. माणसांचे आकडे हाताशी असतील तर थेट मोजणी करा. सूत्राची गरज पडते ती फक्त टक्केवारी मिळाली असेल तेव्हा.

आता अट आणि घटना यांची अदलाबदल करू. डोळे निळे आहेत हे माहीत आहे, तर केस सोनेरी असण्याची शक्यता किती? आता निळ्या डोळ्यांचा उभा रकाना उघडा ठेवायचा. त्यात २१५ जण आहेत, त्यातले सोनेरी केसांचे तेच ९४. ९४ ÷ २१५ = ०.४३७.

अंश दोन्हीकडे ९४, उत्तरं मात्र ७४ आणि ४४ टक्के. "सोनेरी केसांच्या चौघांपैकी जवळपास तिघांचे डोळे निळे" हे खरं आहे. "निळ्या डोळ्यांच्या चौघांपैकी जवळपास तिघांचे केस सोनेरी" हे साफ चूक. केस-डोळ्यांच्या बाबतीत ही अदलाबदल निरुपद्रवी वाटते. पण 'नापास झालेल्यांपैकी किती जण मोबाइल वापरत होते' आणि 'मोबाइल वापरणाऱ्यांपैकी किती जण नापास झाले' यांची अदलाबदल करून माणसं मुलांबद्दलचे निर्णय घेतात. म्हणून सशर्त आकडा लिहिताना 'पैकी' हा शब्द वाक्यात आलाच पाहिजे, असा नियम करून घ्या.

बातम्यांत रोज दिसणारे काही दरही याच जातीचे आहेत. बेरोजगारीचा दर घ्या. २०१७ पासून सुरू असलेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात त्याच्या छेदात सगळी लोकसंख्या नसते, फक्त श्रमबल असतं, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे किंवा काम करायला तयार असणारे. शोध सोडलेली आणि कामाला तयारही नसलेली व्यक्ती छेदातूनही जाते आणि अंशातूनही. त्यामुळे हताश होऊन लोक श्रमबलाबाहेर पडले तरी दर खाली येऊ शकतो. हा दर वाचताना शेजारी श्रमबल सहभागाचा दर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शीटमध्ये हे काम 'काउंटिफ्स' फंक्शन करतं. दोन्ही अटी एकत्र घालून अंश मोजायचा आणि फक्त 'पैकी'च्या आधी येणारी अट घालून छेद मोजायचा. पिव्हॉट टेबल (शीटमधली आपोआप सारणी बनवणारी सोय) वापरत असाल तर आकडे दाखवण्याचे तीन पर्याय दिसतील: एकूण बेरजेचे टक्के, ओळीच्या बेरजेचे टक्के आणि स्तंभाच्या बेरजेचे टक्के. सोनेरी-निळे या एकाच चौकटीत ते अनुक्रमे १५.९, ७४.० आणि ४३.७ दाखवतील. यातला कोणता तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते संगणक सांगणार नाही. पडताळणी सोपी आहे: ओळीचे टक्के निवडले असतील तर प्रत्येक ओळीची बेरीज शंभर भरली पाहिजे.

दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही

अट घातल्यावर संभाव्यता बदलत नसेल, तर त्या दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र. सगळ्यांत मिळून हिरव्या डोळ्यांचं प्रमाण ६४ ÷ ५९२, म्हणजे १०.८ टक्के. तपकिरी केसांच्या २८६ जणांत ते २९, म्हणजे १०.१ टक्के. जवळजवळ सारखंच. केस तपकिरी आहेत हे कळल्याने हिरव्या डोळ्यांबद्दल फारसं काही कळत नाही.

निळ्या डोळ्यांचं तसं नाही. काळ्या केसांत १८.५ टक्के, लाल केसांत २३.९, तपकिरी केसांत २९.४ आणि सोनेरी केसांत ७४.०. संबंध नसता तर सोनेरी-निळ्या चौकटीत किती जण आले असते, हेही काढता येतं: ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. १२७ × २१५ ÷ ५९२ = ४६. प्रत्यक्षात आहेत ९४, दुपटीहून जास्त.

फक्त टक्केवारी हातात असेल तेव्हा

छापील अहवालात बऱ्याचदा एकाच दिशेचे टक्के दिलेले असतात आणि आपल्याला हवी असते उलटी दिशा. समजा, एवढंच माहीत आहे: केसांनुसार वाटणी काळे १८.२, तपकिरी ४८.३, लाल १२.०, सोनेरी २१.५ टक्के, आणि प्रत्येक गटातलं निळ्या डोळ्यांचं वर दिलेलं प्रमाण. यावरून निळ्या डोळ्यांपैकी सोनेरी केसांचे किती?

प्रत्येक गटाचा वाटा गुणिले त्या गटातलं निळ्यांचं प्रमाण, असे चार गुणाकार करा. ते येतात ०.०३४, ०.१४२, ०.०२९ आणि ०.१५९. बेरीज ०.३६४ भरते, म्हणजे दशांश तोडल्याचा किरकोळ फरक सोडला तर निळ्या डोळ्यांची एकूण संभाव्यता (०.३६३) परत मिळाली. आता त्यातला सोनेरी गटाचा तुकडा वेगळा काढा: ०.१५९ ÷ ०.३६४ = ०.४३७. मघाशी थेट मोजून आलेलं हेच उत्तर आहे. बेझचा सिद्धांत म्हणतात तो हाच. ज्यांना दशांशांचा वैताग येतो, त्यांनी हजार माणसं कल्पून ती गटांत वाटावीत आणि मोजावीत. उत्तर तेच येतं आणि कुठे काय केलं ते डोळ्यांसमोर राहतं.

तिसरी अट घातली की चित्र उलटू शकतं

अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले १९७३ चे पदव्युत्तर प्रवेशाचे आकडे प्रसिद्ध आहेत. हे सर्वेक्षण नसून प्रवेशाच्या नोंदी आहेत, पण हिशेब तोच. सर्वांत मोठ्या सहा विभागांत मिळून २,६९१ पुरुषांनी अर्ज केले, १,१९८ जणांना प्रवेश मिळाला: ४४.५ टक्के. स्त्रियांचे अर्ज १,८३५, प्रवेश ५५७: ३०.४ टक्के. एवढ्यावर थांबलं तर स्त्रियांना डावललं हे उघड वाटतं.

आता विभागाची अट घालू. पहिल्या विभागात ८२५ पुरुषांपैकी ५१२ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे ६२.१ टक्के. स्त्रियांना १०८ पैकी ८९, म्हणजे ८२.४ टक्के. सहापैकी चार विभागांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघतं आणि उरलेल्या दोनांत थोडं कमी.

हे कसं झालं, ते अर्जांच्या वाटणीत दिसतं. पहिल्या दोन विभागांत एकूण ६४ टक्के अर्जदारांना प्रवेश मिळाला, बाकीच्या चारांत मिळून जेमतेम २६ टक्के. पुरुषांपैकी ५१ टक्क्यांनी त्या पहिल्या दोन विभागांत अर्ज केले होते, स्त्रियांपैकी फक्त ७ टक्क्यांनी. एकूण टक्केवारी ही गटांच्या टक्केवारींची भारित सरासरी असते, आणि भार इतके वेगळे असले की गटागटांतलं चित्र एकूण आकड्यात पुसलं जातं. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. यावरून अन्याय नव्हताच असंही सिद्ध होत नाही. स्त्रिया अवघड प्रवेशाच्या विभागांकडेच का गेल्या, हा प्रश्न उरतो, आणि ही सारणी त्याचं उत्तर देत नाही.

तुमच्या सर्वेक्षणात दोन गटांची तुलना करण्याआधी एवढं करा: त्या गटांत वय, शिक्षण, गाव-शहर यांची वाटणी सारखी आहे का ते पाहा. नसेल तर त्या तिसऱ्या गोष्टीची अट घालून पुन्हा मोजा.

अट घातली की छेद लहान होतो

नमुन्यात दुसरी माणसं आली असती तर आकडाही थोडा बदलला असता. म्हणून पूर्ण ५९२ वर काढलेल्या ३६.३ टक्क्यांना अंदाजे चार टक्के-अंशांची घट-वाढ धरावी लागते. सोनेरी केसांच्या १२७ वर काढलेल्या ७४ टक्क्यांना आठ. लाल केसांच्या ७१ वर काढलेल्या २३.९ टक्क्यांना दहा, म्हणजे तो आकडा चौदापासून चौतीसपर्यंत कुठेही असू शकतो. हिशेब असा: प्रमाण गुणिले (१ वजा प्रमाण), भागिले छेद, त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट. तेही नमुना यादृच्छिक (चिठ्ठ्या काढल्यासारख्या) पद्धतीने निवडला असेल तरच लागू. एकाच विद्यापीठातली मुलं म्हणजे सगळ्या अमेरिकेचा नमुना नव्हे. तीन अटी घालून छेद पंधरा-वीसवर आला असेल, तर टक्के काढूच नका, माणसं सांगा.

भारांक: एक दिशा टिकते, दुसरी बिघडते

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण किंवा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण यांच्या मूळ फायली उघडल्या की प्रत्येक कुटुंबापुढे एक भारांक दिसतो. हे एक कुटुंब लोकसंख्येतल्या किती कुटुंबांच्या वतीने बोलतंय, त्याचं ते माप असतं. तिथे माणसं मोजण्याऐवजी भारांकांची बेरीज करायची, अंशातही आणि छेदातही. शीटमध्ये 'काउंटिफ्स'च्या जागी 'समिफ्स' येतं.

याने काय फरक पडतो ते कल्पित आकड्यांवर पाहू. समजा, राज्यात फोनवर हजार जणांना एक प्रश्न विचारला. त्यात शहरी ८००, ग्रामीण २००. 'हो' म्हणणारे शहरी ६४०, ग्रामीण १००. सरळ मोजलं तर ७४ टक्के 'हो'. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची शहरी लोकसंख्या ४५.२ टक्के होती, ८० टक्के नव्हे. शहरातले ८० टक्के आणि गावातले ५० टक्के, हे खऱ्या वाट्यांनी गुणून बेरीज केली की 'हो' ६३.६ टक्क्यांवर येतं.

सशर्त आकड्यांचं काय होतं ते बारकाईने पाहा. 'शहरी लोकांपैकी किती जण हो म्हणाले' हे ८० टक्केच राहतं, कारण शहरी माणसं जास्त घेतल्याने शहराच्या आतलं प्रमाण बदलत नाही. 'हो म्हणणाऱ्यांपैकी किती शहरी' हे मात्र भारांकाविना ८६.५ टक्के दिसतं आणि भारांक लावल्यावर ५६.९ टक्क्यांवर उतरतं. ज्या गोष्टीनुसार नमुन्यात कमी-जास्त माणसं घेतली गेली, ती अटीच्या बाजूला असेल तर हिशेब टिकतो. ती उत्तराच्या बाजूला गेली की भारांकाशिवाय काढलेला आकडा छापू नये.

आणि आकडा लिहिताना शेजारी माणसं द्या: "सोनेरी केसांच्या १२७ विद्यार्थ्यांपैकी ९४ जणांचे (७४ टक्के) डोळे निळे होते." भारांक लावला असेल तर टक्के भारांकाचे आणि कंसातली संख्या प्रत्यक्ष विचारलेल्या माणसांची, असं वेगळं नमूद करा.